संशयिताचा रकाना

विषबाधेतलं मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, हे आधीच सांगून टाकतो. मी एका मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात कारकून आहे. अठरा वर्षं! डॉक्टर येतात, शिकतात, बदलून जातात. मी मात्र दाराशी त्याच टेबलावर बसून विषबाधेचा फॉर्म भरत असतो. काय पोटात गेलं, किती गेलं, कधी गेलं, बाटली सोबत आणली का, त्या वेळी जवळ कोण होतं, आणि सगळ्यात खाली माझा लाडका रकाना: संशयित!

हे अठरा वर्षं केल्यावर माणसाची नजरच बदलते. फिनेलची बाटली जागची हलली की मी घरातल्या प्रत्येकाचा चेहरा बघतो. कोणाला ओकारी आली तर लोक पाणी घेऊन धावतात, मी आधी कप ताब्यात घेतो. बायको म्हणते, "अहो, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी तुम्ही माझ्याकडे असं का बघता?"

"सवय आहे गं."

"मग सवय मोडा, नाहीतर चहा स्वतः करा."

तर ही बायको दोनेक आठवड्यांपूर्वी शाळेतर्फे शिक्षकांच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेली आणि घर माझ्यावर सोपवून गेली. घर म्हणजे मी आणि सासरे. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. पंचेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले. दुकान बंद केलं, पण भिंग सुटलं नाही. आमच्या खिडकीशी एक लहानसं टेबल आहे, तिथे ते सकाळपासून कोणाचं तरी घड्याळ उघडून बसतात. "डोळे आहेत तोवर मी आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घर त्यांच्याच नावावर आहे; मुलगी-जावयाबरोबर राहतात, पण कोणावर ओझं म्हणून नाही, आपल्या हाताला काम आहे या ताठ्यात राहतात. आणि मला ते जावईबापू म्हणतात, तेही इतक्या आदराने, की मला उगाचच सरळ बसावं लागतं.

बायकोने निघताना यादी दिली. पाण्याची टाकी भरणे, दूध तापवणे, बाबांच्या डोळ्यांतले थेंब, कपडे वाळत घालणे, कचरा खाली ठेवणे. यादी अख्ख्या दिवसाची होती. मी ती सकाळी साडेआठला संपवली! ऑफिसात काय आणि घरात काय, काम साठवून ठेवणं माझ्या रक्तात नाही. दुपारी दोनची ड्यूटी होती. मी पाय पसरून पेपर उघडला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून फुस्सऽऽ फुस्सऽऽ असा आवाज आला.

आता या वरच्या माणसाबद्दल सांगायला हवं. तीन महिन्यांपूर्वी तो भाड्याने राहायला आला. एकटाच. जिन्यात भेटला की नमस्कार करतो आणि पुढे एक शब्द बोलत नाही. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस हवापाण्याचं तरी बोलतो की नाही? त्याच्या गॅलरीत तीसेक कुंड्या आहेत आणि रोज सकाळी तो त्यांच्यावर पंपाने काहीतरी फवारतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव फवारेवाले ठेवलं आहे. फवारेवाल्यांचे तुषार थेट आमच्या खिडकीवर येतात, आणि खिडकीशी कोण बसतं? सासरे!

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आज उजेड कमी आहे का हो?"

बाहेर लख्ख ऊन होतं. मी पेपर खाली घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम. डोळ्यांतून पाणी. भिंग काढून ते रुमालाने तोंडाचा कोपरा पुसत होते, कारण लाळ सुटत होती.

"बाबा, पोटात मळमळतंय?"

"जरासं. आणि भुवईच्या वर ठणकतंय."

मी धावत जाऊन टॉर्च आणला आणि त्यांच्या डोळ्यांत मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या! निदान झालं! कारण घाम, लाळ, डोळ्यांना पाणी आणि बारीक बाहुली हे चार जण एकत्र आले की तातडीच्या विभागातला झाडूवालासुद्धा सांगेल, हे कीटकनाशक! कीड मारायचं औषध माणसाच्या अंगात गेलं की असंच होतं. आणि वर फुस्सऽऽ चालूच होतं.

घाबरून गोंधळ घालतील ते दुसरे. मला नियम पाठ आहेत. पहिला नियम, उलटी करवायची नाही. दुसरा, कपडे उतरवायचे आणि साबणाने अंग धुवायचं, कारण हे विष कातडीतूनसुद्धा शिरतं. तिसरा, बाटली सोबत न्यायची. मी सासऱ्यांना दंडाला धरून न्हाणीघरात नेलं.

"अहो, मी पहाटे आंघोळ केली आहे!"

"पुन्हा करायची."

"सदरा का ओढताय? जावईबापू! बटण तुटलं!"

"बाबा, बोलू नका. विष तोंडात जाईल."

"कसलं विष?"

मी उत्तरादाखल डोक्यावर बादली ओतली. साबण लावला, पुन्हा ओतली, पुन्हा साबण लावला. म्हातारा माणूस थंडीने कुडकुडायला लागला आणि मी मनात नोंद केली: थरथर. हेही लक्षणांत बसतं! त्यांचे कपडे पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. दुसरे कपडे शोधायला गेलो तर त्यांचे सगळे सदरे मीच सकाळी धुऊन दोरीवर टाकलेले, ओलेचिंब. शेवटी त्यांना पलंगावरच्या चादरीत गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि रबरी हातमोजे चढवून मी वर धावलो.

फवारेवाल्यांचं दार उघडंच होतं. सरळ गॅलरीत गेलो आणि पंप उचलला. ते कुंडीमागून उभे राहिले.

"काय हवंय?"

"हे काय आहे?"

"पंप."

"आतलं!"

"लसूण," ते म्हणाले. "लसूण वाटून पाण्यात घालतो. कीड येत नाही."

मी पंपाचं झाकण उघडून वास घेतला. लसणाचाच घमघमाट! तुम्हाला वाटेल, मग मिटलं की. नाही! तातडीच्या विभागात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, जी तुम्हाला नाही. ही जहाल कीटकनाशकं असतात ना, त्यातल्या कित्येकांना लसणासारखा वास येतो. त्यामुळे लसणाचा वास आला म्हणजे माणूस निर्दोष सुटत नाही, उलट पक्का अडकतो!

"असंच म्हणतात सगळे," मी म्हणालो.

"कोण सगळे?"

"माझे सासरे खाली शेवटचे श्वास मोजताहेत!"

फवारेवाल्यांचा चेहरा उतरला. मी तो उतरताना नीट पाहिला. मग ते म्हणाले, "गाडी खाली आहे. चला," आणि माझ्याआधी जिना उतरले. सासऱ्यांना त्यांनी चादरीसकट उचललं आणि तीन मजले खाली नेलं. एवढी घाई? एवढी काळजी? तीन महिन्यांत शब्द न बोललेल्या माणसाला एकदम माझ्या सासऱ्यांचा पुळका? मी पंप छातीशी धरला आणि गाडीत मागे बसलो, म्हणजे त्यांचे हात दिसत राहतील.

वाटेत बायकोचा फोन आला.

"सगळं ठीक ना हो?"

"अगदी उत्तम!"

"अगं, मला चादरीत बांधलंय!" शेजारून सासरे ओरडले.

"बाबा काय म्हणतायत?"

"चादर बदलली म्हणतात. यादीतलं सगळं झालं बरं का! साडेआठलाच!"

"सगळं? साडेआठला?" तिचा आवाज बदलला. "अहो, सगळं कसं होईल साडेआठला? त्यात ते…"

"खड्डा आला, ठेवतो!" म्हणून मी फोन बंद केला. असल्या वेळी बायकांना काळजीत टाकू नये.

विभागात पोहोचलो तेव्हा माझ्या खुर्चीवर सकाळचा कारकून बसला होता. त्याला उठवलं. हा फॉर्म मी दुसऱ्या कोणाला भरू दिला असता? काय अंगात गेलं: कीटकनाशक. कशातून: श्वास व कातडी. कधी: सकाळी नऊच्या सुमारास. बाटली: बाटलीऐवजी पंप जोडला आहे. जवळ कोण होतं: जावई. आणि संशयित: वरच्या मजल्यावरील भाडेकरू, एकटा, अबोल, उपकरणासह. इतका सुरेख फॉर्म माझ्या हातून आजवर उतरला नव्हता.

इस्पितळाच्या चौकीतले हवालदार आले. त्यांनी फॉर्म वाचला आणि फवारेवाल्यांना बाकावर बसवलं. मग माझ्याकडे वळले.

"राहतं घर कोणाचं?"

"सासऱ्यांचं."

"हं," हवालदार म्हणाले. "आणि घटनेच्या वेळी घरात कोण कोण?"

"मी आणि ते."

"हंऽऽ."

हा दुसरा हं मला अजिबात आवडला नाही.

आत नव्या डॉक्टरीणबाई सासऱ्यांना तपासत होत्या. चारच महिने झालेत त्यांना इथे. माझा फॉर्म बघून त्या खूश झाल्या. "सगळं किती स्वच्छ लिहिलंय तुम्ही! बाहुल्या बारीक, घाम, लाळ, नाडीही थोडी संथ आहे. जमतंय सगळं. फक्त छाती अगदी साफ आहे, ते कसं?"

"सुरुवात आहे मॅडम," मी म्हणालो. "वाढेल."

"बरं. रोजची औषधं काही?"

"नाही. लिहिलंय तसं."

"मग उतारा सुरू करू. सिस्टर, इंजेक्शन भरा."

मोठ्या सिस्टरांनी इंजेक्शन भरलं. या बाई विभागात माझ्याआधी सहा वर्षांपासून आहेत आणि त्यांचा माझ्यावर कधीच विश्वास बसलेला नाही. सुई हातात धरूनच त्या फॉर्मवर वाकल्या.

"बाकीचा फॉर्म काळ्या शाईत आहे," त्या म्हणाल्या, "आणि औषधांच्या रकान्यातलं 'नाही' तेवढं निळ्या शाईत. हे कसं काय?"

"पेन बदललं असेल."

सिस्टर बाहेर गेल्या आणि माझ्या टेबलावरचं कोऱ्या फॉर्मांचं बाड घेऊन आल्या. एक पान उलटलं. निळ्या शाईत 'नाही'. दुसरं पान. 'नाही'. तिसरं, दहावं, चाळिसावं. नाही, नाही, नाही! अहो, काय सांगू तुम्हाला! तातडीच्या वेळी कोणालाच औषधांची नावं आठवत नाहीत. मग दर वेळी तेच उत्तर लिहिण्यापेक्षा मी सोमवारी सकाळी आठवड्याच्या सगळ्या फॉर्मांवर ते एकदम लिहून ठेवतो. वेळ वाचतो!

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पंपातून आलोय. सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि सासऱ्यांच्या कानाशी वाकल्या.

"आजोबा, रोज कुठलं औषध घेता?"

"मी? एक गोळीसुद्धा नाही."

"बघा!" मी म्हणालो.

"डोळ्यांत काही टाकता?"

"हां, डोळ्यांत टाकतात की! डोळ्यांत दाब वाढलाय म्हणून गेल्या आठवड्यापासून थेंब आहेत. मुलगी टाकते. ती गावाला गेलीय, आज जावईबापूंनी टाकले."

खोलीत सगळे माझ्याकडे वळले. हवालदारही दारात येऊन उभे होते.

"थेंब म्हणजे काय औषध असतं का?" मी म्हणालो. "औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन, बाटलीतलं…"

"थेंबही बाटलीतच असतात," सिस्टर म्हणाल्या. "किती टाकलेत?"

"लिहिलं होतं तेवढेच. एक थेंब, दिवसातून चार वेळा."

"चार वेळा? आता तर साडेदहा वाजलेत."

सासऱ्यांनीच उत्तर दिलं. "त्यांनी एकदमच चार टाकले. दोन्ही डोळ्यांत. शिवाय काही गालावर ओघळले त्यांची भरपाई म्हणून वर दोन-दोन."

यादी साडेआठला संपली ती अशी! चार वेळा झाकण उघडायचं, चार वेळा मान मागे करायला लावायची, त्यापेक्षा एकदाच चार, असं मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "हे थेंब बाहुली बारीक करतात," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यासाठीच असतात. जास्त झाले तर अंगात उतरतात, मग घाम येतो, लाळ सुटते, मळमळतं. पण ते थोड्या वेळाने आपोआप ओसरतं. आणि हे इंजेक्शन," त्यांनी ट्रेकडे बोट केलं, "बरोबर उलटं काम करतं. बाहुली मोठी करतं. डोळ्यांत आधीच दाब असलेल्या माणसाला मी ते या फॉर्मवर विसंबून भरभरून दिलं असतं. दाब चढला असता. डोळे गेले असते म्हणजे?"

खोटं कशाला सांगू, मी भिंतीला धरून उभा राहिलो. डोळ्यांसमोर खिडकीशी असलेलं ते लहानसं टेबल आलं आणि त्यापुढे भिंग हातात घेऊन नुसतेच बसलेले सासरे. मला रडू फुटलं. अठरा वर्षांत त्या विभागात लोकांना रडताना रोज पाहिलं, फॉर्म भरता भरता "जरा बाजूला उभे राहा" असं सांगितलंय मी त्यांना. आज बाजूला मीच उभा होतो.

"बाबा," मी म्हणालो, "चार थेंब टाकले तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही दवाखान्यातले," सासरे म्हणाले. "मुलगी एकच टाकते, हे मला कळत होतं. पण म्हटलं, तुम्हाला जास्त ठाऊक."

एवढ्या सरळपणे म्हणाले ते, की त्यापेक्षा त्यांनी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

डोळ्यांचे डॉक्टर वरून येऊन बघून गेले. दाब ठीक होता, इजा काही नव्हती. दुपारपर्यंत घाम थांबला, लाळ थांबली. सासऱ्यांना पहिल्यांदा हसू आलं ते चादरीकडे बघून. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या मनगटाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "पोरी, तुझं घड्याळ चार मिनिटं मागे आहे." ते खरंच मागे होतं, आणि इतक्या लांबून त्यांना ते दिसलं. मला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं.

हवालदारांना मात्र कागद पुरा करायचा होता.

"भाडेकरूचं नाव काढतो," ते म्हणाले. "संशयिताच्या रकान्यात मग काय लिहू?"

मोठ्या सिस्टरांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. पेन निळं होतं. शेवटी डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या, चुकून झालं असं लिहून घेतलं, आणि मला पुढचे तीन महिने फॉर्मांपासून दूर, चादरी मोजायच्या खोलीत पाठवायचं ठरलं.

फवारेवाले तोवर बाकावरच बसले होते. मी हातातला पंप त्यांना परत दिला आणि माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे," आणि झालं. पुढे एक शब्द नाही! गाडीतून आम्हाला घरी आणून सोडलं.

घरी बायको येऊन उभी होती. ट्रेनिंग अर्धवट टाकून आली होती बिचारी. वडिलांना पोटाशी धरून आधी रडली, मग माझ्याकडे वळली. ती काय काय बोलली ते इथे लिहीत नाही, तुमच्या घरातही लहान मुलं असतील.

"आता सुट्टी संपून मी शाळेत गेले की दुपारचे थेंब कोण टाकणार?" शेवटी ती म्हणाली.

"मी टाकतो की! आता मला…"

"नाही!" बाप-लेक एकदम म्हणाले.

"वरच्यांना विचार," सासरे म्हणाले. "त्यांचा हात मोजून चालतो. एका रोपाला एक फवारा, बघतो मी रोज खिडकीतून. शिवाय फार बोलत नाहीत."

तेव्हापासून रोज दुपारी बरोबर बारा वाजता फवारेवाले खाली येतात. हात धुतात, सासऱ्यांची मान मागे करतात, थेंब टाकतात आणि तोंडातून चकार शब्द न काढता निघून जातात. त्या वेळी मी खोलीबाहेर थांबायचं, असं घरात ठरलंय. मी थांबतो. पण दाराच्या फटीतून मोजतो. आज अकरावा दिवस. उजव्या डोळ्यात एक, डाव्या डोळ्यात एक. ना कधी कमी, ना कधी जास्त, आणि एकही गालावर ओघळत नाही! तुम्हीच सांगा, इतका चांगला माणूस असतो का कुठे? माझा तर संशय वाढतच चाललाय.